उठण्याआधी गुडघ्यावर ठेवलेला हात: ॲनिमेशनमधलं पात्र जिवंत कशामुळे वाटतं?

पेगबार

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. आत्या पडवीत बसून तांदूळ निवडत होती. तिचं वय आता बहात्तर. आतून कुणीतरी हाक मारली आणि ती उठली. घडलं एवढंच, पण मी चहाचा कप हातात तसाच धरून बघत राहिलो. गेली सतरा वर्षं मी जे काम करतोय, ते सगळं त्या एका उठण्यात होतं.

हाक आली तसे आधी तिचे डोळे दाराकडे गेले, मान नंतर वळली. सूप बाजूला सरकवलं. उजवा हात गुडघ्यावर आला, डावा तळवा जमिनीवर टेकला, आणि ती पुढे झुकली. जायचं होतं वर, पण अंग आधी खाली गेलं. मग कंबर उचलली गेली, तिच्यामागून पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. ती उभी राहिल्यावर पदर जरा उशिराने खांद्यावर येऊन बसला. मोकळा झालेला हात कमरेवर गेला. दोन श्वास ती तशीच थांबली आणि मग पहिलं पाऊल टाकलं.

आता यातला गुडघ्यावरचा हात काढून टाका. बसलेली आत्या आणि उभी आत्या अशा दोनच पोज कॉम्प्युटरला दिल्या, तर मधलं सगळं तो भरून देतो. हालचाल गुळगुळीत होते, पण त्या बाईला वजन नसतं, वय नसतं, आणि आपल्याला कुणी हाक मारली हेही तिला कळलेलं नसतं. आमच्याकडे अशा शॉटवर एकच शेरा येतो: ‘तरंगतंय’. पहिल्या नोकरीत चार महिने मला हाच शेरा मिळत होता.

ॲनिमेशनची ‘बारा तत्त्वं’ म्हणून जी यादी सगळीकडे फिरते, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. बाराही एकेक करून सांगत बसणार नाही. इतक्या वर्षांनंतर माझं मत असं झालंय की ती सगळी दोनच कामांसाठी आहेत: पात्राच्या अंगात वजन आहे हे पटवायचं, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी चाललंय हे दाखवायचं. यातलं दुसरं काम फार अवघड.

ही तत्त्वं कुणी टेबलावर बसून ठरवलेली नाहीत. १९२८ साली मिकी माऊस ‘स्टीमबोट विली’मध्ये शीळ घालत आला, तेव्हा त्याचे हातपाय रबरी नळीसारखे होते. कोपर नाही, गुडघा नाही. बघायला मजा यायची, पण वजन काही जाणवत नव्हतं. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसच्या शुईनार्ड कलाशाळेतले शिक्षक डॉन ग्रॅहम डिस्नेच्या चित्रकारांना शिकवायला लागले. मॉडेल समोर बसवून रेखाटनं करायची, माणसांच्या आणि जनावरांच्या हालचालींची फिल्म फ्रेम-फ्रेमने बघायची. पाच वर्षांनी, डिसेंबर १९३७ मध्ये, ‘स्नो व्हाइट’ पडद्यावर आली आणि तिच्या शेवाशेजारी रडणारे बुटके बघून मोठी माणसं रडली. रबरी नळीपासून तिथपर्यंत नऊ वर्षं लागली. स्क्वॉश (दबणं), स्ट्रेच (ताणणं), अँटिसिपेशन (मुख्य हालचालीआधीची उलट्या दिशेची तयारी) हे शब्द त्या काळात चित्रकारांच्या तोंडात रुळले. पुढे तिथल्याच फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात ती बारा तत्त्वं म्हणून मांडली. बुटक्यांचा तो रडण्याचा प्रसंग फ्रँक थॉमस यांनीच केलेला.

या नऊ वर्षांतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती डिस्नेची १९३४ ची फिल्म ‘प्लेफुल प्लूटो’. प्लूटो कुत्रा माश्या पकडायच्या चिकट कागदात अडकतो. हा भाग ॲनिमेटर नॉर्म फर्ग्युसन यांचा. एक अवयव सुटला की दुसरा चिकटतो. दर वेळी प्लूटो थांबतो, कागदाकडे बघतो, त्याला काहीतरी सुचतं, ते तो करून बघतो आणि फसतो. त्याआधीची कार्टून पात्रं धावायची, आपटायची, नाचायची. इथे मात्र कुत्रा विचार करताना दिसतो, आणि तो दिसतो त्या थांबण्यात. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा भाग आवाज बंद करून दाखवतो.

आता चेंडू. आमच्या धंद्यात सगळ्यांची सुरुवात चेंडूनेच होते. मी पुण्यात शिकलो तेव्हा लाइट बॉक्स (खालून उजेड येणारी काच), पेग बार (कागद एकाच जागी धरणारी खुंट्यांची पट्टी) आणि भोकं पाडलेले कागद होते. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तर सेकंदाला १२ चित्रं. सरांनी एका चेंडूवर आम्हाला तीन आठवडे बसवलं होतं. चेंडू वर असतो तेव्हा चित्रं जवळजवळ, जमिनीकडे येताना लांब लांब. वस्तू पडते तेव्हा सारख्या वेळात अंतर १, मग ३, मग ५, मग ७ या प्रमाणात वाढतं. शाळेत हे गणित म्हणून सुटलं होतं, पण हाताला कळलं ते तिथे. टेकतानाचं एकच चित्र दबलेलं, त्याच्या आधीचं जरासं लांबुडकं. दबला तर बाजूने फुगलाच पाहिजे, कारण आतला ऐवज तेवढाच असतो. एवढं जमलं की तोच गोल तुम्ही रबरी करू शकता, लोखंडी करू शकता, पाण्याने भरलेला फुगाही करू शकता. गोल तोच. बदलतात फक्त अंतरं, आणि दबायचं किती ते.

पुढचा धडा अर्धी भरलेली पिठाची पिशवी. हीसुद्धा डिस्नेवाल्यांचीच कसरत. डोळे नाहीत, तोंड नाही, फक्त चार कोपरे. तिला आनंदी करा, दमवा, रुसवा. पीठ खाली बसलं की पिशवी खचते, मान टाकल्यासारखी दिसते. वरचे कोपरे ताणले की तीच ऐटीत उभी राहते. ज्याला पिशवी रडवता आली, त्याला पुढे चेहऱ्याची भीती वाटत नाही.

लिहिण्यासारखं बरंच आहे, पण इथे थांबतो. तुम्ही बघितलेल्या अशा हालचाली लिहा. कुठल्याही माणसाच्या, जनावराच्या, वस्तूच्या.

निळी_शाई

फार आवडलं. पदर उशिरा येऊन बसतो हे आयुष्यभर बघितलंय, पण त्यालाही नाव असेल असं वाटलं नव्हतं.

एक शंका. चेंडू दबतो, पिशवी खचते, ठीक. पण टेबल, सायकल, पितळी तांब्या अशा कडक वस्तूंना जीव कसा आणायचा? त्या दाबल्या तर रबराच्या वाटतील ना?

पेगबार

निळी_शाई, पदराच्या त्या उशिराला आम्ही फॉलो थ्रू म्हणतो. अंग थांबलं तरी अंगावरचं सैल सगळं थांबायला वेळ घेतं: पदर, वेणी, कानातले डूल.

तुमच्या शंकेला नेमकं उत्तर १९८६ मध्ये मिळालं. पिक्सार स्टुडिओची ‘लक्सो ज्युनियर’ ही कॉम्प्युटरवर केलेली दोनेक मिनिटांची फिल्म. टेबलावरचे दोन दिवे, एक मोठा, एक छोटा, आणि एक चेंडू. दिवा पत्र्याचा, त्यामुळे तो दाबून चालणार नाही. मग दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी दबण्याचं काम त्याच्या सांध्यांकडे दिलं. उडी मारायच्या आधी दिवा सांध्यात दुमडतो आणि उडताना सरळ होतो. पत्रा तसाच राहतो, पण आपल्या डोळ्यांना दबणं-ताणणं मिळतं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ही हाताने चित्र काढण्याच्या काळातली तत्त्वं कॉम्प्युटरवर कशी लावायची यावर निबंध लिहिला. आम्ही तो आजही शिकवतो.

छोटा दिवा लहान मूल वाटतो याचं कारण त्याची मापं. मोठ्याचा सरसकट छोटा नमुना केलेला नाही. दांडे आखूड केले, पण बल्ब तेवढाच ठेवला, कारण बल्ब दुकानातून येतो, तो वाढत नाही. त्यामुळे अंगाच्या मानाने डोकं मोठं दिसतं, बाळाचं दिसतं तसं.

तांब्या मात्र मी कधी केलेला नाही. त्याला सांधा नाही. मी बहुधा त्याला बुडावर डोलवेन, आणि आत अर्धं पाणी आहे असं समजून डोलणं जरा उशिरा थांबवेन.

गोफणगुंडा

पाखरं राखायला लहानपणी माळ्यावर बसायचो. गोफण सोडणारा माणूस आठवून बघा. हात डोक्याभोवती फिरतो, सुटायच्या आधी अंग मागे जातं, आणि दगड गेल्यावरही खांदा अर्धा वळसा पुढे येतो. दगड कुठे पडला ते त्याच्या खांद्यावरून कळायचं. तुमचं अँटिसिपेशन आणि फॉलो थ्रू ते हेच ना?

पेगबार

हेच, आणि त्यात आर्क, म्हणजे वळणदार मार्ग, तोसुद्धा आला. जिवंत शरीराचा प्रत्येक भाग वळणावरून जातो, कारण हाड सांध्याभोवतीच फिरतं. सरळ रेषेत जाणारा हात यंत्राचा वाटतो. तुमचा खांद्याचा दाखला वर्गात वापरेन.

रेंडर_रात्र

मी थ्रीडीत आहे, सहा वर्षं झाली. नवीन मुलांसाठी लिहितोय, कारण ‘तरंगतंय’ हा रोग आमच्याकडे सगळ्यात जास्त.

कॉम्प्युटर आपल्याला स्लो इन, स्लो आऊट (हालचाल हळू सुरू होणं, हळू संपणं) फुकट देतो आणि गोत्यात आणतो. प्रत्येक हालचाल सारखीच हळू सुरू होते, सारखीच हळू संपते. थप्पड मारणारा हातसुद्धा मऊ येऊन गालावर विसावतो. म्हणून ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोज मांडणं, स्टेप्डमध्येच करा, म्हणजे मधलं काही कॉम्प्युटर भरणार नाही. पोज टू पोज उड्या मारत दिसू द्या आणि त्यातच टायमिंग पक्कं करा. स्प्लाइनला, म्हणजे मधलं कॉम्प्युटरकडून भरून घ्यायला, घाईने गेलात की सगळं लोण्यासारखं होतं, मग कुठे काय चुकलंय तेच सापडत नाही.

दुसरं, दोन्ही हात एकाच फ्रेमवर एकच काम करत नाहीत ना, ते बघा. पेगबारांच्या आत्याचा एक हात गुडघ्यावर आणि दुसरा जमिनीवर होता. रिगवर (पात्राच्या हलवता येणाऱ्या सांगाड्यावर) आपण आळसाने दोन्ही गुडघ्यांवर ठेवतो.

आणि पात्र गप्प उभं असेल तेव्हा ते गोठवू नका. कागदावर एकच चित्र सेकंदभर धरलं तरी चालून जातं, थ्रीडीत तेच पात्र त्या क्षणी मरतं. छाती किंचित हलू द्या, वजन एका पायावर जाऊ द्या, डोळ्यांची एखादी बारीक हालचाल ठेवा. मान वळवायची असेल तर डोळे दोन-तीन फ्रेम आधी जाऊ देत आणि वळताना पापणी मिटू दे. एवढ्यानेसुद्धा पात्राने काहीतरी बघायचं ठरवलं असं वाटतं.

माडाची_सावली

माझं आजोळ कुडाळजवळ. पिंगुळीच्या ठाकर समाजातल्या मंडळींचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लहानपणी कितीतरी वेळा बघितला. हा धागा वाचताना तोच आठवत राहिला.

लाकडी बाहुलीचा चेहरा रंगवलेला, कधीच न बदलणारा. तरी रागावलेला राजा आणि खचलेला राजा यांतला फरक अंधारात मागे बसूनही कळायचा. रागात बाहुली आधी जराशी मागे जायची आणि मग झेप घ्यायची. दुःखात डोकं आधी खाली यायचं, हात त्यानंतर. मला सगळ्यात आठवतो तो निरोप ऐकतानाचा राजा. निवेदन चालू असताना बाहुली पूर्ण स्थिर असायची आणि शेवटच्या शब्दानंतर फक्त मान थोडी तिरकी व्हायची. माझी आजी तेवढ्यावर डोळ्यांना पदर लावायची. ज्यांनी सूत्रं धरली होती त्यांनी डिस्नेचं नाव ऐकलं असेल-नसेल, पण ही जाण त्यांच्या बोटांत होती.

साठ_पाने

वरचे सगळे प्रतिसाद सुंदर आहेत, तरी थोडा विरोध नोंदवते. बारा तत्त्वं ही ॲनिमेशनची तत्त्वं, असं आपण सरसकट म्हणतो. माझ्या मते ती एका शैलीची तत्त्वं आहेत. जपानी चित्रकार ओसामू तेझुका यांनी जानेवारी १९६३ पासून ‘ॲस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला टीव्हीवर आणला, तो सेकंदाला मोजकी चित्रं वापरून. पात्र स्थिर, फक्त तोंड हलतंय, मागचं चित्र सरकतंय. तरी जपानमधल्या मुलांनी त्याच्यावर जीव लावला. आपल्याकडे ‘एक अनेक और एकता’ घ्या. १९७४ ची, विजया मुळे यांची, चित्रं आणि ॲनिमेशन भीमसेन यांचं. सपाट आकृत्या, साधी हालचाल, दबणं-ताणणं जवळजवळ नाहीच. दूरदर्शनवर ती बघून मोठी झालेली आमची पिढी आजही त्या जाळं घेऊन उडणाऱ्या चिमण्या विसरलेली नाही. मग जीव नक्की कुठून आला? हालचालीतून की गोष्टीतून?

पेगबार

साठ_पाने, तुमचा मुद्दा निम्मा मान्य. दबणं-ताणणं ही चवीची बाब आहे. ते कमी करा, अगदी काढून टाका, काही बिघडत नाही. पण स्टेजिंग (प्रसंग स्पष्ट दिसेल अशी मांडणी) आणि टायमिंग तुमच्या दोन्ही उदाहरणांत भक्कम आहे. चित्रं कमी असली की प्रत्येक पोज दुरून, नुसत्या काळ्या सावलीतही ओळखता आली पाहिजे. कुठलं चित्र किती वेळ धरायचं यावर सगळी मदार येते. चिमण्यांचा थवा एकदम उचलला जातो, त्याआधी त्या अडकलेल्या आपण पुरेसा वेळ बघितलेल्या असतात. तो वेळ कुणीतरी मोजून ठरवलेला आहे.

चित्रांची संख्या ही स्वतःच एक भाषा आहे, हे २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये छान दिसतं. जंगलात झोके घेताना नवखा माइल्स सेकंदाला १२ पोजवर आहे आणि मुरलेला पीटर २४ वर. एकाच पडद्यावर एकाची हालचाल अडखळती, दुसऱ्याची सहज. प्रेक्षकाला आकडे कळत नाहीत, पण कोण शिकतोय ते कळतं.

आणि आपल्याकडचा धागा डिस्नेपासून अगदीच तुटलेला नाही. १९५६ मध्ये क्लेअर वीक्स हे डिस्नेत काम केलेले ॲनिमेटर मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि त्यांनी इथल्या पहिल्या तुकडीला शिकवलं. पुढे नावाजलेले ॲनिमेटर राम मोहन त्यातलेच. त्यातून १९५७ मध्ये ‘द बनियन डियर’ ही जातककथेवरची फिल्म झाली. त्याच्याही कितीतरी आधी, १९१५ च्या सुमारास, दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. काडी थोडी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायची. ती फिल्म आता उपलब्ध नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. काडीला हात नाही, चेहरा नाही. फाळक्यांनी तिला थांबवलं कुठे, वळवलं कसं, हे बघायला मी काहीही दिलं असतं.

साठ_पाने

काळ्या सावलीची कसोटी पटली. ‘एक शैली’ हे मत मात्र ठेवते. कुठल्याही फिल्मचं कौतुक करताना आपण आधी ती यादी काढतो आणि फिल्म तिच्यात बसवतो, ही सवय मला खुपते.

पेगबार

ती सवय मलाही खुपते. मी पोर्टफोलिओ बघायला बसतो तेव्हा बारा तत्त्वांचे बारा तुकडे करून आणणारी मुलं दिसतात. सगळं बरोबर असतं आणि एकही पात्र कुणाकडे बघत नसतं.

त्यांना मी एक प्रयोग देतो, इथेही देतो. डोकं डाव्या खांद्याकडून उजव्या खांद्याकडे. चित्रं दोनच. मधे एकही चित्र नसेल तर कुणीतरी जबर फटका मारला. दोन-तीन घातली तर काहीतरी अंगावर येतंय म्हणून चुकवलं. पाच-सहा घातली तर ओळखीचं कुणी दिसलं. दहा घातली तर मान आखडलीय, ती मोकळी करतोय. दोन टोकांची चित्रं तीच राहतात, मधल्या संख्येने कारण बदलतं. मला स्वतःला टायमिंगचा अर्थ इथे लागला.

दुपारची_शाळा

मी ॲनिमेशनमधली नाही. हा धागा नऊ वर्षांच्या लेकीला वाचून दाखवला आणि आम्ही चिकट कागदांच्या छोट्या पॅडवर चेंडू काढायला बसलो. चाळीस पानं झाली. फिरवून बघितलं तर चेंडू दोरीला बांधून कुणी खाली-वर करतंय असं दिसतंय, आणि जमिनीवर आला की कणकेचा गोळा वाटतो. काय चुकलं असेल?

पेगबार

दोन गोष्टी असाव्यात. चित्रांमधलं अंतर सगळीकडे सारखं पडलं असेल, त्यामुळे दोरी दिसतेय. वरच्या टोकाला चार-पाच चित्रं एकमेकांवर चढतील इतकी जवळ काढा, खाली येताना अंतर वाढवत न्या. आणि दबलेला चेंडू तीन-चार पानांवर राहिला असणार. तो फक्त एका पानावर हवा, लगेच पुढच्या पानावर तो जमीन सोडून वर.

काढताना शेवटच्या पानापासून सुरू करा आणि वर वर या, म्हणजे आधीचं चित्र खालून दिसत राहतं. पेन्सिल मऊ घ्या. उसळी दर वेळी थोडी कमी उंच, हे विसरू नका.

दुपारची_शाळा

दोन दिवस बसलो. दोरी गेली, कणीकही गेली. आता चेंडू खरंच उसळतो.

पण सांगायचंय ते वेगळंच. काल तिने माझ्याशिवाय दुसरं पॅड केलं. टेबलाच्या कडेशी चेंडू येतो आणि खाली पडतो. कडेशी आल्यावर तिने पाच पानं तोच चेंडू त्याच जागी काढलाय. मग एका पानावर तो किंचित मागे सरकलाय आणि मग पडतो. मला वाटलं पानं चुकून आली, म्हणून विचारलं. म्हणाली, “अगं, त्याला भीती वाटतेय. खाली बघतोय तो.”

पेगबार

ते पॅड फिरवून फिरवून खराब करू नका. कडेला क्लिप लावा, पानावर तारीख टाका आणि मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढून ठेवा. आणि तिला पुढची पिठाची पिशवी द्या. स्वयंपाकघरातली खरी, अर्धी भरलेली, समोर ठेवून काढू दे.

माडाची_सावली

त्या चेंडूचे फोटो इथे टाका ना. मला बघायचाय.